स्टँड ते पंचगंगा घाट: बीपी मशीन एकच पुरे, पायाचं सामान दुप्पट घ्या

कोल्हापुरात रस्त्यावर झोपणाऱ्यांना तपासायची ही रात्रीची फेरी. सिनियरनं सांगितलं होतं, "स्टँडवरनं निघायचं, बीपी-शुगर बघायची, पॅरासिटॅमॉल द्यायची, अकराला रूमवर." आम्ही मेडिकलचे दोन इंटर्न, तीन थर्ड इयरचे आणि एक डॉक्टर मॅडम. रूमवर पोचलो पहाटे सव्वातीनला. त्यामुळे जे सांगतोय ते झोप न झालेल्या माणसाचं समजा.

स्टँड, परीख पूल, बिंदू चौक हे सोपं आहे, तासाभरात उरकतं. खरं काम घाटावर. पायऱ्यांवर उजेड नाही, मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात गेला. डोक्याला लावायचा टॉर्च नसेल तर घाटावर उतरूच नका.

तिथं एका आजोबांच्या टाचेत जखम, वर चिंधी. सोडली तर आत अळ्या. शुगर ३८०. पायाला संवेदनाच नाही, म्हणून दुखलंही नाही. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं गॉज लावायचं, अळ्या वर आल्या की फोरसेप्सनं एकेक काढायच्या, मग सलाइननं धुवायचं. पाऊण तास गेला. आमच्याकडं फोरसेप्स एकच आणि गॉज संपलेलं. बीपी मशीन मात्र तीन!

मग आमचा गाढवपणा. आजोबांना न्यायला १०८ ला फोन करायचं सोडून रिक्षा केली. घाटावरनं सीपीआर हॉस्पिटल किती लांब? त्यानं तीनशे घेतले, वर सीटवर प्लास्टिक अंथरायला लावलं. १०८ फुकट आहे. पहिला फोन तिथंच करा.

खरजेला परमेथ्रिन मलमाच्या ट्यूब नेऊ नका. मानेपासून खाली अंगभर लावून आठ ते चौदा तास ठेवायची, मग अंघोळ आणि धुतलेले कपडे. हे फुटपाथवर कुठलं जमायला? मॅडमनी वजन अंदाजून आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या, दुसरा डोस आठवड्यानं. पण तेव्हा तो माणूस सापडायला हवा ना! म्हणून नावाबरोबर झोपायची जागा लिहून घ्या, "भवानी मंडप, कमानीच्या डाव्या अंगाला" अशी. दोन आठवड्यांवर खोकला असलेल्यांचंही तेच, टीबीच्या तपासणीला थुंकीची डबी दिली तरी सकाळी गाठायचं कुठं? टीबी निघाला तर सरकार पोषणाला महिना १००० रुपये देतं, पण बँक खात्यात. खातं काढायला कागद लागतात आणि कागद तर पुरातच गेलेले.

थर्ड इयरवाल्यांनो, औषध स्वतः देऊ नका, सोबत नोंदणी असलेला डॉक्टर हवाच.

 

निघताना टाचेच्या जखमेचे ते आजोबा म्हणाले, "पट्टी बांधलीस, पर उद्या चालू कशावर?" चपलांच्या गावात हा प्रश्न! येत्या गुरुवारी परत जातोय. आठ आणि नऊ नंबरच्या जुन्या चपला असतील तर बाजूला काढून ठेवा. रबरी चालतील, अंगठ्याच्या नको.