लक्ष्मीबाई जाधव ऐकल्यात का कधी?

अल्लादियाखाँसाहेब कोण, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. शाहू महाराजांनी या थोर गवयांना दरबारात आणलं आणि त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथं रुजली, एवढं गाण्याशी फारसा संबंध नसलेल्यालाही ठाऊक असतं. मग बायकांची नावं विचारली की केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई. पुढं गाडी अडते.

मला लक्ष्मीबाई जाधव सापडल्या त्या धोंडूताई कुलकर्णींमुळं. धोंडूताई आपल्या कोल्हापूरच्या, १९२७ चा जन्म. आधी भूर्जीखाँसाहेबांकडं शिकल्या, पुढं थेट केसरबाईंकडं. केसरबाई शिकवायला सहजी तयार होत नसत, त्यामुळं धोंडूताईंची ओळख करून देताना सगळे तेवढंच सांगतात. त्यांच्या गुरूंमधलं एक नाव घाईत निसटतं, ते लक्ष्मीबाईंचं. अल्लादियाखाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ हे लक्ष्मीबाईंचे गुरू. बडोद्याच्या दरबारात त्या गायच्या.

माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. पिकोचं मशीन चालू असलं की गाण्यातलं बारीक काम कानावर येतच नाही. म्हणून जुन्या तबकडीवरचं काही लावायचं असलं की मी फॉलची हातशिलाई काढून बसते. लक्ष्मीबाई पहिल्यांदा अशाच ऐकल्या. जुन्या तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन मिनिटं, त्यातही खरखर. तेवढ्यात बंदिश मांडायची, राग उभा करायचा, ताना घ्यायच्या आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. बाई कुठंही घाई करत नाहीत. तान सरळ जिना चढल्यासारखी जात नाही, वळसा घेते, मागं येते, आता सम चुकणार असं वाटतं आणि नेमकी तिथंच येऊन बसते. सुई साडीत तशीच ठेवून मी ती बाजू पुन्हा लावली.

तेव्हापासून मी गाणं असंच शोधते. एखादी गायिका आवडली की ती कुणाकडं शिकली, तिच्याकडं कोण शिकलं, हे आधी बघायचं. मोबाईल आपण होऊन जे पुढं करतो ते आधीच लाखोंनी ऐकलेलं असतं. नाव टाकल्याशिवाय या बायका समोर येत नाहीत, आणि नाव तर कुणी घेत नाही. पुण्याच्या सुंदराबाई जाधव अशाच भेटल्या. लावणी, ठुमरी, गझल, भजन, सगळ्यात सारखाच जीव ओतणाऱ्या. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३९ च्या ‘माणूस’ चित्रपटात त्यांनी कामही केलंय. प्रभात जन्मली कोल्हापुरात, पण इथं सुंदराबाईंचं नाव काढणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

लावणी म्हटलं की डोळ्यांपुढं ढोलकी आणि फड येतो. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी वेगळी. बसूनच गायचं आणि अदा करायची ती नजरेनं, भुवईनं, बोटांनी. एक म्हातारी मावशी साडी न्यायला आल्या होत्या, त्यांना मोबाईलवर दाखवली. त्या म्हणाल्या, “बाई गं, हिचा हातच बोलतोय की!” एकच ओळ यमुनाबाई पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी तिचा अर्थ निराळा. आधी रुसवा, मग आर्जव, मग चक्क दटावणी.

यमुनाबाईंचा जन्म १९१५ चा. त्याच वर्षी अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, सिस्टर रोझेटा थार्प जन्मली. चर्चमधली भक्तिगीतं ती इलेक्ट्रिक गिटार वाजवत गायची, तेही रॉक अँड रोल हे नाव सगळ्यांच्या तोंडी होण्याआधी. १९६४ चं तिचं एक चित्रीकरण आहे, मँचेस्टरजवळच्या एका वापरात नसलेल्या रेल्वे स्टेशनवरचं. प्रेक्षक एका फलाटावर, ही समोरच्या फलाटावर. पाऊस पडून गेलाय, अंगात जाड कोट, आणि ती पावसाचंच गाणं धरते. बोटं गिटारवर अशी पडतात की इंग्रजी नाही कळलं तरी काही अडत नाही. १९७३ मध्ये ती गेली, आणि नंतर कितीतरी वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत तिला घेतलं २०१८ साली. यमुनाबाई गेल्या त्याच वर्षी. त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. इतका उशीर का लागतो, याचा मला मनापासून राग येतो. गाणं तर दोघींचं भर उमेदीतच पक्कं होतं.

सध्या पद्मावती शाळिग्राम ऐकतेय. त्याही अल्लादियाखाँसाहेबांच्याच परंपरेतल्या, कोल्हापूरच्याच. आवाज तिन्ही सप्तकांत असा मोकळा फिरतो की दोन साड्यांचं काम तसंच पडून राहिलंय. त्यांच्या एखाद्या खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण कुणाच्या घरी असेल तर मला एकदा बसून ऐकू द्या. गावात कुठंही असलं तरी येईन.