पपई बंद, बिलं चालू

“पपई? सासूबाई बघूसुद्धा देत नाहीत!” दादरला काउंटरवरची मुलगी माझी पपई काट्यावर ठेवत हसली. पोट चांगलं दिसायला लागलंय तिचं. बोलता बोलता बिल फाडलं, दातात धरलं आणि दोन्ही हातांनी माझी पिशवी भरली.

ते गुळगुळीत कागद! शाईशिवाय छापायचं म्हणून त्यांवर बऱ्याचदा बीपीए (बिस्फेनॉल-ए) हे रसायन, नाहीतर त्याचंच भावंड बीपीएस असतं. शरीरात गेलं की इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनची नक्कल करतं. हाताला ओलं सॅनिटायझर असेल तर त्वचेतून जास्तच शिरतं. आणि बाटली काउंटरवरच होती.

युरोपने २०२० पासून या कागदात बीपीएवर बंदी आणली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत ते चालत नाही.

एवढं बोलले, तर म्हणाली, “ताई, हातमोजे कोण देणार?”

मालकाशी बोलू का? की तिचीच नोकरी जाईल?