दीड वीत

दादाची लेक सुट्टी संपवून परवा रात्री न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला परत निघणार. दुपारी जेवून आडवी झाले आणि उगाचच मोबाईलवर बघितलं. मुंबई ते नेवार्क, साधारण 12,500 किलोमीटर. 16 तास.

तिकिटावर मात्र सुटायची वेळ रात्री दीडची आणि पोहोचायची त्याच दिवशी सकाळी आठची. आईनं चष्मा लावून वजाबाकी केली. "साडेसहा तास? आपल्याला चिपळूणला जायला एवढेच लागतात की!" तेही माणगावात अडकलो नाही तर. घड्याळांतला साडेनऊ तासांचा फरक तिला समजावायच्या भानगडीत मी आता पडत नाही. थंडीत तो साडेदहा होतो, हे तर अजिबातच सांगत नाही.

लहानपणी आमच्याकडे पत्र्याचा पृथ्वीगोल होता. अंटार्क्टिकाला पोचा पडलेला. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मी आणि दादा त्यावर अंतरं मोजत बसायचो. नकाशात पट्टी ठेवली तर न्यूयॉर्कला जायचं म्हणजे अरबस्तान, आफ्रिका करत सरळ पश्चिमेला. पण गोलावर दोरा ताणून धरला की तो आपसूक वर सरकायचा. तुर्कमेनिस्तान, रशिया, स्वीडन, पार आइसलंडच्या कडेनं. मला ते पटायचं नाही. मी मध्येच बोटानं त्याला खाली ढकलायचे आणि मग दोरा पुरायचा नाही. दादा म्हणायचा, "सोड गं, त्याला वाट माहीत आहे." सोडला की बरोबर दीड वीत भरायचा.

विमानंही साधारण दोऱ्याचीच वाट धरतात. 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारताच्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा मला ते बोटच आठवलं. दोरा पुरेना.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं म्हणणं, पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे अमेरिका आपणहून समोर येते, तेव्हा जाताना वेळ कमी लागायला हवा. लागतो जास्त. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला असा काही वारा सुटलेला असतो की जाताना तो तोंडावर येतो. येताना पाठीशी. दीड-दोन तास वाचतात. काकांना सांगून झालंय. ते हसतात.

बाबा गेले तेव्हा दादाच्या पाठीशी वारा होता. तरी चौदा तास लागलेच. दारात खुर्च्या टाकून मंडळी बसलेली, दर थोड्या वेळानं कुणीतरी विचारायचं, "कुठवर आला?" मी मोबाईलवर बघून सांगायचे, स्वीडन. माणगाव म्हटल्यासारखी माणसं मान हलवायची. मग रशिया.

बर्फ दोनदा बदलला.