नैराश्याचं सर्वेक्षण: दहा गुणांनंतरचं काम

गावात नैराश्याचं प्रमाण मोजण्यासाठी मी पीएचक्यू-९ ही नैराश्य चाळणारी प्रश्नावली घेतली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. इतकं सुटसुटीत असल्यामुळेच पुष्कळ जण दहा किंवा जास्त गुण म्हणजे आजार असं धरून टक्केवारी काढून मोकळे होतात. अभ्यास तिथेच फसतो.

हिशोब करून बघा. २००१ च्या मूळ अभ्यासात दहाच्या रेषेवर संवेदनशीलता (खरे आजारी पकडण्याचं प्रमाण) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) दोन्ही ८८ टक्के होती. समजा २०० जणांत २० जणांना खरंच नैराश्य आहे. त्यातले १८ सापडतील. उरलेल्या १८० पैकी १२ टक्के, म्हणजे जवळपास २२ जण, उगाच अडकतील. खरं प्रमाण १० टक्के, आपण लिहिणार २०.

हे २२ कोण? शेतीपंपाला रात्रीची वीज असली की माणूस मध्यरात्री पाणी द्यायला जातो. झोप आणि थकवा या दोन्ही प्रश्नांना ३ गुण पडतात. श्रावणातल्या उपवासांत भुकेचा प्रश्न असाच चकवतो. अशा वेळी गुण बदलायचे नाहीत. उत्तर जसंच्या तसं नोंदवायचं, कारण शेजारी लिहायचं आणि निर्णय नंतरच्या निदानाच्या मुलाखतीवर सोडायचा.

‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हा पर्याय तोंडी विचारला तर गोंधळ होतो. मी कागदावर १४ चौकोन आखले, बाजाराचा दिवस खुणेला धरला आणि वाईट गेलेले दिवस उत्तर देणाऱ्यांनाच भरायला सांगितले. आठवा प्रश्नही अवघड: हालचाल मंदावणं आणि उलट अस्वस्थपणे येरझाऱ्या घालणं, दोन्ही त्यात एकत्र आहे. ऐकणारा फक्त शेवटचा भाग लक्षात ठेवतो. सावकाश, दोनदा वाचा.

नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. तिथे ० सोडून काहीही आलं, तर एकूण गुण तीन असले तरी त्याच दिवशी धोक्याची चौकशी करायची. मानसोपचारतज्ज्ञांना कोण कळवणार, घरच्यांशी कोण बोलणार, हे नीतिसमितीकडे अर्ज देतानाच ठरलेलं हवं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या हातात छापील द्यावा.

मुलाखत घेणाऱ्याला गुण कळता कामा नयेत. कळले की तो तेच शोधू लागतो. शिवाय दहाच्या खालच्यांतूनही काही जण चिठ्ठ्या टाकून निवडून मुलाखतीला बोलवा. नाहीतर चाळणीतून सुटलेले किती, हे कधीच कळणार नाही.

मुलाखत घेणाऱ्या दोन परीक्षकांचं एकमत तपासताना नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका. ‘नैराश्य आहे का?’ यावर ४० मुलाखतींत दोघं ३४ वेळा ‘नाही’, २ वेळा ‘हो’ म्हणाले आणि उरलेल्या ४ मतभेदांत दोघांचे दोन-दोन ‘हो’ असले, तर एकमत ९० टक्के दिसतं. पण योगायोगाने जुळणारा भाग वगळला की कॅप्पा (एकमताचं माप, १ म्हणजे पूर्ण एकमत) फक्त ०.४४ येतो.

अशा वेळी मतभेदाची ध्वनिमुद्रणं दोघांनी एकत्र ऐकावीत. आमच्याकडे घोळ निघाला तो घरात नुकताच मृत्यू झालेल्यांचा. एक परीक्षक दुःखाचे पहिले दोन महिने निदानातून वगळत होता. ती सूट डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तिकेने २०१३ मध्येच काढली आहे; निकष पूर्ण होत असतील तर निदान नोंदवायचं. तो नियम कागदावर लिहून घेतला आणि चाळीसही मुलाखती पुन्हा तपासल्या.