घुमानच्या बीजी

अमृतसरबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते घुमानबद्दल. गुरदासपूर जिल्ह्यातलं हे शेतकऱ्यांचं गाव. संत नामदेवांनी उत्तरायुष्यातली बरीच वर्षं इथं काढली, असं गावकरी मानतात. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन इथं भरलं, तेव्हा आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी घुमान होतं. नंतर आपण ते विसरलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गुरुद्वाऱ्यात लंगर जेवून बाहेर आलो, तर एका वयस्क सरदारजींनी विचारलं, "किथों आए ओ?" पंढरपूरकडचा म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. वाटेत गुऱ्हाळ लागलं. आपल्यासारख्या ढेपा नाहीत. रस आटला की लाकडी परातीत ओततात, बडीशेप घालतात आणि गरम असतानाच हातानं छोटे छोटे खडे करतात. पोट भरलेलं होतं, तरी मी चार खाल्ले.

घरी बीजी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्या बाई, चुलीपुढे मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या. सरसोंच्या सागावर लोण्याचा गोळा आला. 'जेवलोय' हे कुणी ऐकूनच घेईना. भाकरी उलटता उलटता बीजी काहीतरी गुणगुणत होत्या. कान दिला, तर त्यात 'बीठल' ऐकू आलं. घास हातातच राहिला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे वाचून माहीत होतं. पण बीजींनी पंढरपूर पाहिलेलं नाही, आणि आमचा विठोबा त्यांच्या चुलीपाशी रोजचा आहे! मी डोळे पुसले. बीजींना वाटलं, सागात मिरची जास्त झाली. त्यांनी आणखी लोणी वाढलं.

वरच्या मजल्याला कुलूप होतं. दोन्ही मुलं कॅनडात. सरदारजी भाताबद्दल बोलत राहिले. ट्यूबवेलचं पाणी खोल खोल चाललंय, हे त्यांना दिसतंय. पण गहू-भात मंडीत नेला की सरकार घेतं; मक्याला हमीभाव जाहीर होतो, घ्यायला मात्र कुणी उभं राहत नाही. पंजाबचा शेतकरी पाणी उधळतो म्हणणाऱ्यांनी या अंगणात बसून हे ऐकावं.

मग त्यांनी मला विचारलं, बाबाजींच्या, म्हणजे नामदेवांच्या, पंढरपूरच्या नदीला उन्हाळ्यात पाणी असतं का?

म्हटलं, उजनी धरणातून सोडलं तर असतं.