राउंड द आयलंड: वाइट बेटाभोवती शिडाच्या बोटींची शर्यत

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून आयल ऑफ वाइट हे बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधला समुद्राचा चिंचोळा पट्टा म्हणजे सॉलेंट. दर उन्हाळ्यात एका शनिवारी या बेटाला शिडाच्या बोटींनी पूर्ण वळसा घालायची शर्यत होते. काउझ गावासमोरून निघायचं, पश्चिमेकडून फिरून पुन्हा काउझलाच यायचं. अंतर साधारण 50 सागरी मैल. 1931 साली पहिल्या शर्यतीत 25 बोटी होत्या आणि जिंकली ती जेमतेम 22 फुटी, मासेमारीसाठी बांधलेली कॉर्नवॉलची बोट. आता हजाराच्या आसपास बोटी उतरतात. त्यांत काळ्याशार कार्बनच्या शिडांच्या, कोट्यवधींच्या बोटी असतात, आणि आईबाप, दोन मुलं आणि सँडविचचा डबा घेऊन निघालेल्या घरगुती बोटीही असतात. सुरुवातीची रेषा सगळ्यांना एकच. मला या शर्यतीचं वेड लागलं ते मुख्यतः यामुळे.

मला तिथे नेलं मालवणच्या एका मित्राने. तो साउदॅम्प्टनला नोकरी करतो आणि उन्हाळ्यात आठवड्याच्या संध्याकाळी होणाऱ्या क्लबच्या शर्यतींमध्ये बोटीवर असतो. आमची बोट बेनेटो कंपनीची, बारा मीटरच्या आसपास लांबीची, भाड्याने घेतलेली. वर आम्ही दहा जण. स्किपर, म्हणजे बोटीची कप्तान, पन्नाशीच्या पुढची, आवाज कधीही न चढवणारी बाई. शुक्रवारी सराव झाल्यावर तिने टेबलावर भरतीच्या प्रवाहांची पुस्तिका उघडली. तिच्यात दर तासाला एक पान असतं आणि पानभर बाण. बाण जितका जाड तितका प्रवाह जोरात. तिने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने उद्याचं घड्याळ लिहिलं, सहा, सात, आठ, असं. मी मात्र हवामानाचा अंदाज उघडून बसले होते. मित्राने फोन हळूच उलटा ठेवला.

"वारो सगळेच बगतत गो, तू पाणी बग."

दुसऱ्या दिवशी ते अक्षरशः पटलं. शर्यतीची पहिली तोफ किती वाजता हे दरवर्षी ओहोटी पाहून ठरतं. सॉलेंटमधलं पाणी पश्चिमेकडे वाहायला लागलं की बोटी सोडायच्या, म्हणजे समोरून वारा असला तरी प्रवाह बोटींना बेटाच्या टोकाकडे ओढून नेतो. त्यामुळे कधी पहाटे पाच, कधी सात-आठ. आमच्या वेळी सूर्य नुकता वर आला होता आणि हाताची बोटं गारठली होती.

काउझच्या किनाऱ्यावर रॉयल यॉट स्क्वॉड्रनचा छोटा किल्ला आहे. सुरुवातीची रेषा तिथून समुद्रात आखलेली. दर दहा मिनिटांनी तिथल्या पितळी तोफांपैकी एक धडाडते आणि एक गट सुटतो. तोफेच्या क्षणी रेषेवर असायचं, एक सेकंदही आधी नाही, तेही पूर्ण वेगात. बोटीला ब्रेक नसतो आणि खालचं पाणी तुम्हाला रेषेपलीकडे ढकलत असतं. आमचा बोमॅन, म्हणजे पुढचं टोक सांभाळणारा गडी, टोकावर उभा राहून बोटांनी अंतर दाखवत होता, बोटीच्या तीन लांब्या, दोन, एक. स्किपर शिडं सैल सोडून बोट थोपवून धरत होती. मग तिने "आता" म्हटलं, दोर ओढायचे विंच करकरले, शिडं ताठ झाली, बोट कलंडली आणि तोफ वाजली. आजूबाजूला हात लांब करून शिवता येतील अशा बोटी.

समुद्रावरच्या शर्यतीत वाटेचा हक्क ठरलेला असतो. ज्या बोटीला वारा उजव्या अंगाने लागतो तिला वाट मिळते, डाव्या अंगाने वारा घेणारीने सरकायचं. "स्टारबोर्ड!" म्हणजे उजवी बाजू, अशी आरोळी आली की वाद घालायचा नाही. चुकलं तर बोटीला स्वतःभोवती दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची, बहुतेक वेळा पंच जवळ नसताना, आपणहून. हा प्रामाणिकपणा मी इतर कुठल्या खेळात इतक्या सहजपणे पाहिलेला नाही. आमच्यासमोरच एका बोटीने दुसरीला जेमतेम चुकवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत गिरक्या सुरू केल्या.

नैऋत्येचा वारा म्हणजे सुरुवातीलाच वाऱ्याच्या तोंडावर. सरळ जाता येत नाही, नागमोडी टॅक मारत, म्हणजे वारा कधी या अंगाने कधी त्या अंगाने घेत वळत जावं लागतं. त्यात वारा एकीकडून, ओहोटी दुसरीकडून, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. बोट प्रत्येक लाटेवर आपटते, खारं पाणी थेट तोंडावर. आम्ही सहा जण वरच्या कडेवर पाय बाहेर सोडून बसलेले, वजनाने बोट सरळ ठेवायला. दर टॅकला बूमखालून, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याखालून, सरपटत दुसऱ्या कडेला. गुडघे सोलवटतात, ढोपरं काळीनिळी होतात. पण पाणी आमच्या बाजूचं होतं. हर्स्ट कॅसलपाशी सॉलेंटचं तोंड एका मैलाहूनही अरुंद होतं आणि तिथे तळ सुमारे 60 मीटर खोल खरवडलेला आहे, तो याच प्रवाहाने. त्या जागी काठावरचा आठव्या हेन्रीचा किल्ला माझ्या डोळ्यांदेखत मागे पडत होता.

पुढे नीडल्स. बेटाच्या पश्चिम टोकाला समुद्रात उभे असलेले खडूच्या दगडाचे तीन पांढरे सुळके आणि शेवटच्या सुळक्याला चिकटलेलं लाल-पांढरं दीपगृह. पूर्वी चौथाही उंच सुळका होता, तो 1764 च्या वादळात कोसळला. इथे शर्यतीतला सगळ्यात मोठा जुगार असतो. दीपगृहाच्या पलीकडे पाण्याखाली वारवासी नावाच्या जहाजाचे अवशेष आहेत, 1947 मध्ये बुडालेल्या. दीपगृह आणि अवशेष यांच्यामधल्या फटीतून गेलं तर बरीच मिनिटं वाचतात, अंदाज हुकला तर बोटीचा तळ फाटतो. आमच्या पुढच्या काही बोटी त्या फटीत शिरल्या. स्किपरने एकदा तिकडे, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि बाहेरून वळसा घेतला. मला तिचा निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. भाड्याची बोट आणि दहा माणसांचे जीव ही पणाला लावायची गोष्ट नव्हे.

नीडल्स ओलांडले की चित्रच बदलतं. शिडं सैल, बोट सपाट, आणि स्पिनाकर, म्हणजे फुग्यासारखं फुगणारं मोठं पुढचं शीड, वर चढतो. पुढच्या दोन-अडीच तासांचं माझं काम म्हणजे स्पिनाकरची दोरी. पतंग उडवलेल्या माणसाला हे लगेच समजेल, ढील द्यायची आणि खेचायचं. दोरी सोडत जायचं, शिडाची वरची कड आत दुमडू लागली की क्षणात ओढून घ्यायची, पुन्हा सोडायची. नजर त्या कडेवरून हलवायची नाही. मान आखडते, डोळ्यांत मीठ जातं, शेजारचा विंच फिरवणारा "किती?" विचारतो तेव्हाही वरच पाहत "अजून, अजून, पुरे" म्हणायचं. ढील जास्त झाली तर शीड कोसळतं, कमी पडली तर बोट आडवी होते. सेंट कॅथरीन टोकापाशी, जिथे खालचा तळ खडबडीत असल्याने पाणी उकळल्यासारखं होतं, शेजारची एक बोट तशी आडवी झालेली पाहिली. डोलकाठी पाण्याला टेकली, सुकाणू हवेत, माणसं कडेला लटकलेली. काही सेकंदांत ती बोट पुन्हा उभी राहिली आणि तिच्यावरच्यांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या.

या बाजूला मात्र पाणी विरोधात. सॉलेंटमध्ये ज्या ओहोटीने ढकललं, तीच बेटाच्या मागच्या बाजूला तोंडावर येते. मग काठाला चिकटून जायचं, कारण उथळ पाण्यात प्रवाह मंद असतो. काठाला चिकटायचं म्हणजे खडकांच्या जवळ. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला तळ, आणि मधली रेघ शोधणारा आमचा नॅव्हिगेटर तोंडाने सतत खोलीचे आकडे बोलत होता. त्याच्या आवाजातला बदल ऐकून आम्ही किती जवळ आलोय हे कळायचं.

व्हेंटनर, शँकलिन, सँडाउनचा उपसागर हे सगळं मी शिडाच्या कडेपलीकडे ओझरतं पाहिलं. याच पट्ट्यात, थोडी उसंत असताना, स्किपरने विचारलं की भारतात कोणी अशी बोट चालवतं का. मी दिलीप दोंदे यांचं सांगितलं. 2009-10 मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा, निघाले मुंबईहून आणि बोट बांधलेली गोव्यात, दिवाडी बेटावर. अभिलाष टॉमी हे नाव तिला ठाऊक होतं. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पाठ जायबंदी झालेला हा माणूस 2022 च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि दुसरा आला, हे तिने मलाच सविस्तर ऐकवलं. ऐकताना छाती भरून आली.

बेम्ब्रिजच्या काळ्या-पिवळ्या बोयाला वळसा घातला की घराकडची वाट. पण एव्हाना प्रवाहाने दिशा बदललेली, त्यामुळे इथेही पाणी पुन्हा उलटं. राइडची वाळू किनाऱ्यापासून खूप आत पसरलेली आहे. प्रवाह चुकवायला सगळे तिच्यावरून जातात आणि दरवर्षी काही बोटी रुततात. आमच्या बोटीची फिन, म्हणजे तळाखालचं पातं, जवळजवळ अडीच मीटर खाली. खोलीदर्शक तीन मीटरवर आला की टॅक, पाच झाले की पुन्हा काठाकडे. दमलेल्या हातांनी हे पुन्हा पुन्हा करायचं, आणि खरी शर्यत इथेच जिंकली किंवा हरली जाते. आमच्यापेक्षा वेगवान दोन बोटी खोल पाण्यात प्रवाहाशी झगडत राहिल्या आणि आम्ही वाळूच्या कडेने त्यांना मागे टाकलं.

शेवटच्या टप्प्यात डावीकडे झाडीतून ऑस्बोर्न हाउसचे मनोरे दिसतात. व्हिक्टोरिया राणीचं हे आवडतं घर. आतला दरबार हॉल लाहोरच्या भाई राम सिंग यांनी घडवलेला. 22 ऑगस्ट 1851 रोजी याच बेटाला, पण उलट्या दिशेने, झालेल्या शर्यतीत 'अमेरिका' नावाच्या नौकेने इंग्रजांना हरवलं आणि तो चषक नेला. पुढे त्याचाच अमेरिकाज कप, म्हणजे शिडाच्या बोटींच्या नामांकित शर्यतीचा चषक, झाला. अमेरिकेकडून तो चषक थेट 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाने जिंकला.

आम्ही रेषा ओलांडली तेव्हा शिट्टीसुद्धा धड ऐकू आली नाही, इतक्या बोटी. कोण जिंकलं ते लगेच कळत नाही. प्रत्येक बोटीला तिच्या बांधणीनुसार एक गुणक असतो आणि लागलेला वेळ त्याने गुणतात. समजा 1.050 गुणकाच्या बोटीला 8 तास लागले, तर तिचा हिशेबी वेळ 504 मिनिटं. 0.900 वाली 9 तासांनी आली तरी तिची 486 मिनिटंच, म्हणजे तीच पुढे. आम्ही आमच्या गटात मधल्या फळीत आलो. काउझच्या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत ओल्या जाकिटांतली माणसं चर्चा करत होती, आणि प्रत्येक टेबलावर विषय एकच: राइडच्या वाळूवर कोण किती आत शिरलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. भाड्याच्या बोटींवर एकेक जागा विकत मिळते, बहुतेकदा सरावाच्या दिवसासकट, आणि आधीचा अनुभव असलाच पाहिजे असं नसतं. वर्षाच्या सुरुवातीलाच विचारणा करा. बोटं उघडी असलेले हातमोजे, पांढऱ्या तळव्यांचे बूट आणि लोकरीची टोपी न्या, जून असला तरी. आधी हात बसवायचा असेल तर मुंबई बंदरात पावसाळा संपल्यावर शिडाच्या बोटी शिकवतात. तिथेही भरती-ओहोटीचा जोर भरपूर आहे, तेव्हा पाण्याकडे बघायची सवय तिथूनच लावून घ्या.