आमची वाटचाल : लहान मुलांच्या मेंदूविकारांसाठी बायोमार्कर

सीएलएन२ प्रकारचा बॅटन हा मेंदू झिजवणारा आनुवंशिक आजार असलेलं मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत इतरांसारखंच वाढतं. मग झटके सुरू होतात, बोलणं मागे पडतं, चालणं जातं, पुढे नजरही. २०१७ मध्ये अमेरिकेत यावरच्या सर्लिपोनेज अल्फा या औषधाला मंजुरी मिळाली, ती अवघ्या २४ मुलांच्या चाचणीवर. प्लासिबोचा, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही मिळणाऱ्या मुलांचा, गट नव्हता. तुलनेला होत्या उपचार न मिळालेल्या ४२ मुलांच्या जुन्या, नीट ठेवलेल्या नोंदी. अशा नोंदी आपल्याकडच्या मुलांच्याही हव्यात, या विचाराने आम्ही पुण्यात पाषाणला भाड्याच्या जागेत छोटी प्रयोगशाळा थाटली.

बायोमार्कर म्हणजे शरीरात मोजता येणारी आजाराची खूण. आमचं मुख्य काम न्यूरोफिलामेंट लाइट या प्रथिनाचं. चेतातंतूंना इजा झाली की ते मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात येतं, मिलीलिटरमागे काही पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). औषध लागू पडतंय की नाही हे मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून ठरवायचं तर वर्ष-दोन वर्षं थांबावं लागतं, आणि तेवढ्यात जे गेलं ते परत येत नाही. रक्तातून ते लवकर कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पण हे प्रथिन कुठल्या एका आजाराचं नाव सांगत नाही. शिवाय निरोगी मुलांमध्येही ते वयाप्रमाणे बदलतं: तान्ह्या बाळात जास्त, बालपणात कमी, मोठेपणी पुन्हा हळूहळू वर. त्यामुळे मोठ्यांचे आकडे मुलांना लावून चालत नाही. निरोगी मुलांचे वयवार आकडे गोळा करायला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. गुंतवणूकदार विचारायचे, यातून उत्पन्न काय? उत्पन्न नव्हतंच. इतर कंपन्यांच्या चाचण्या भरवशाच्या आहेत का हे तपासून (व्हॅलिडेट करून) मिळालेले पैसे आम्ही इथे लावले, आणि आजही तेच योग्य वाटतं. हर्नियासारख्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुलांचं रक्त काढलं जातंच. तेव्हा एक मिलीलिटर जास्त घ्यायला पालकांची लेखी संमती घेतो, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला विचारून त्याचाही होकार. मूल नको म्हणालं तर विषय तिथेच संपतो.

नमुने कोल्हापूर, सोलापूर, लातूरहूनही येतात. तिथल्या तंत्रज्ञांना शिकवायला आम्ही स्वतः गेलो: रक्ताचे घटक वेगळे करायला ते यंत्रात किती वेळात फिरवायचं, उणे ८० अंशांवर कसं ठेवायचं, एकदा वितळलेली नळी पुन्हा का गोठवायची नाही.

२०२३ मध्ये एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आजाराच्या एका प्रकारावरच्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत त्वरित मंजुरी (पूर्ण पुरावा येण्याआधीची, सशर्त) मिळाली, ती याच प्रथिनाच्या घसरणीवर. त्यानंतर आमच्याकडे विचारणा वाढली. तो आजार प्रौढांचा. प्रथिन घटलं म्हणजे औषध लागू पडतंय, हा संबंध मुलांच्या प्रत्येक आजारात नव्याने सिद्ध करावा लागतो, हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो. त्यासाठी सध्या दर सहा महिन्यांनी त्याच मुलांना बोलावतो. रक्त आणि चालण्या-बोलण्याचं मूल्यमापन एकाच दिवशी उरकतो, म्हणजे आई-वडिलांचा दुसरा खाडा होत नाही. प्रवासखर्च आमची कंपनी देते.